पिलर किती मोठा ठेवायचा? सालामन सरांचा फॉर्म्युला हाताने कसा लावायचा

मायनिंग डिप्लोमा नाहीतर ओव्हरमनच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांसाठी लिहितोय हे. बोर्ड अँड पिलर म्हणजे कोळशात गॅलरी (बोगदे) खणायच्या आणि छत पेलायला मध्ये कोळशाचेच खांब, म्हणजे पिलर, सोडायचे. त्याचा फॉर्म्युला सगळे पाठ करतात पण त्यातले आकडे आले कुठून ते विचारलं की गप्प. म्हणून आधी माणूस बघू, मग गणित.

मिक्लोश सालामन. जन्म १९३३, हंगेरी. सोप्रोनला मायनिंग शिकले, १९५६ च्या उठावानंतर देश सोडून इंग्लंडला आले, न्यूकॅसलला पीएचडी केली आणि तिथून १९६३ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेला गेले. तिकडे तेव्हा कोलब्रुकची जखम ताजी होती. २१ जानेवारी १९६० ला तिथल्या कोळसा खाणीत पिलर एकामागोमाग एक बसत गेले, ४३५ कामगार आत राहिले, मृतदेहसुद्धा बाहेर काढता आले नाहीत. पिलर किती मोठा ठेवायचा हे तोवर बहुतेक अनुभवावर आणि अंदाजावर चालायचं, आता सरकारला आणि खाणवाल्यांना उत्तर हवं होतं.

सालामनांनी केलं काय, तर प्रयोगशाळेतल्या तुकड्यावर भरवसा न ठेवता खाणींनाच साक्षीला बोलावलं. एकूण १२५ ठिकाणं घेतली, त्यातली ९८ उभी होती आणि २७ कोसळलेली. मन्रो नावाच्या सहकाऱ्याबरोबर संख्याशास्त्र लावून असा फॉर्म्युला शोधला की उभे आणि पडलेले पिलर जास्तीत जास्त नीट वेगळे पडतील. १९६७ ला छापला. म्हणजे खाली फॉर्म्युल्यात जे ०.४६ आणि ०.६६ येतात त्यांच्या मागे खऱ्या पडलेल्या खाणी आहेत.

आता गणित. चार मापं लागतात आणि सगळी मीटरमध्येच घ्यायची: जमिनीपासून खोली, पिलरची रुंदी, गॅलरीची रुंदी, आणि गॅलरीची उंची. पिलर चौरस धरायचा. पिलरच्या मध्यापासून शेजारच्या पिलरच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे पिलर अधिक गॅलरी.

ताकद = ७.२ × रुंदीचा ०.४६ वा घात ÷ उंचीचा ०.६६ वा घात. उत्तर मेगापास्कलमध्ये.

भार = ०.०२५ × खोली × (मध्य ते मध्य अंतर ÷ रुंदी) चा वर्ग. यामागचं लॉजिक सोपंय, गॅलरीच्या वरचा खडकही शेवटी पिलरच्याच डोक्यावर येतो, आणि वरच्या खडकाचं वजन दर मीटरला साधारण ०.०२५ मेगापास्कल धरतात.

ताकद भागिले भार म्हणजे सेफ्टी फॅक्टर.

उदाहरण घ्या (आकडे माझे, समजायला घेतलेले). खोली १५०, पिलर १२, गॅलरी ६, उंची २.४. भार येतो ३.७५ × १.५ चा वर्ग, म्हणजे ८.४४. ताकद येते १२.६७ च्या आसपास. सेफ्टी फॅक्टर १.५. ठीक वाटतं ना? आता तोच पिलर, तीच खोली, फक्त छताचा कोळसा सोडवत नाही म्हणून तो पण काढला आणि उंची झाली ४.२. भार तेवढाच राहिला, पण ताकद उतरून ८.७६ वर आली आणि सेफ्टी फॅक्टर १.०४. नकाशावर बघाल तर पिलर तसाच दिसतो, एक मीटर पण कमी झालेला नाही! कोलब्रुकला पण आधी तयार झालेल्या भागात नंतर छताचा कोळसा काढून उंची वाढवली होती. म्हणून मी पोरांना सांगतो, रुंदीच्या आधी उंची तपासा, कारण रुंदी सर्व्हेअरच्या प्लॅनवर असते पण उंची बरेचदा नसते.

फॅक्टर १ आला म्हणजे "जेमतेम सेफ" असं समजू नका, या पद्धतीत १ म्हणजे पडेल की उभा राहील ते निम्मं-निम्मं. उभ्या असलेल्या बऱ्याच खाणी १.३ ते १.९ च्या मध्ये बसल्या म्हणून सालामनांनी १.६ सुचवला, आणि तो आकडा पुढे दक्षिण आफ्रिकेत रुळला.

कुठे लावायचा नाही ते पण सांगतो. पिलर रुंदीला उंचीच्या पाचपटीपेक्षा जास्त असेल तर हा फॉर्म्युला ताकद कमी दाखवतो, त्यासाठी त्यांनीच नंतर वेगळं समीकरण दिलं. पॅनल (एकत्र काम चाललेला पिलरांचा पट्टा) अरुंद असेल तर भार जास्त दाखवतो, कारण बाजूचा अखंड कोळसा थोडं ओझं उचलतो. आणि चंद्रपूर, वणी, उमरेडकडचा कोळसा काही आफ्रिकेचा कोळसा नाही. आपल्याकडे धनबादच्या सीएमआरआय या खाण संशोधन संस्थेत शेवरे यांनी वेगळा फॉर्म्युला बसवला, त्यात कोळशाच्या नमुन्याची ताकद आणि खोली दोन्ही येतात. शिवाय आपल्या नियमात खोली आणि गॅलरीच्या रुंदीप्रमाणे पिलरचं तक्ता-माप ठरलेलं आहे, ते आधी, फॉर्म्युला नंतर. आपले पिलर मोठे असतात कारण पुढे डिपिलरिंग, म्हणजे तेच पिलर काढून घेणं, करायचं असतं: १०० मीटर खोलीवर २५.५ मीटर मध्य ते मध्य, ४.८ ची गॅलरी, ३ ची उंची टाकून बघा, साडेतीनच्या वर येईल (पिलर पाचपटीच्या वरचा आहे, म्हणजे खरी ताकद याहून जास्तच).

सालामनांचं एक काम परीक्षेत कमी येतं पण मला तेच सगळ्यात भारी वाटतं, १९७० चं. पिलर मोडणं वेगळं आणि धडाधड कोसळणं वेगळं. मोडलेला पिलर भार किती पटकन सोडतो आणि वरचा खडक किती ताठ आहे यावर ठरतं की छत हळूहळू बसणार की एका क्षणात. खडक ताठ असेल तर तो सावरून धरतो, नसेल तर एकाचं ओझं शेजाऱ्यावर, त्याचं पुढच्यावर, असं साखळीसारखं पसरतं. नंतर सालामन बरीच वर्षं दक्षिण आफ्रिकेतल्या चेंबर ऑफ माइन्सच्या (खाणवाल्यांची संघटना) संशोधन संस्थेचे प्रमुख होते, खोल सोन्याच्या खाणीतल्या रॉकबर्स्टवर (दाबाने खडक अचानक फुटणं) काम केलं, आणि १९८६ ला अमेरिकेत कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सला प्रोफेसर म्हणून गेले. २००९ ला वारले.

एक्सेलमध्ये बसवायचं असेल तर उंचीचा कॉलम दोनदा ठेवा, एक डेव्हलपमेंटच्या (गॅलरी पहिल्यांदा खणतानाच्या) वेळची आणि एक आज टेपने मोजलेली, आणि फॅक्टर दुसऱ्या कॉलमवरून काढा.