"तू कोणासाठी गेला होतास?" : गर्दीच्या सुपरहिरो सिनेमानंतर मुलांशी बोलताना

सुपरहिरोंच्या अख्ख्या टोळीचा सिनेमा, त्यातही पुढचा भाग, पाहून आलेल्या मुलाला "कसा होता?" असं विचारू नका. या प्रश्नाने मी एका मुलाला रात्रभर एकटं पाडलं होतं, म्हणून हे लिहायला बसले.

२४ एप्रिल २०१५, शुक्रवार. 'अ‍ॅव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन' आपल्याकडे अमेरिकेच्या एक आठवडा आधी लागला होता. इंदूरच्या लोकमान्य नगरातून मी, वहिनी, अकरा वर्षांचा माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र अशी वरात निघाली. शो सुटल्यावर इंदूरकर जातात तिथेच गेलो, सराफ्यात. सोन्याचांदीची दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागल्या होत्या. सगळ्यांना भुट्ट्याचा कीस घेतला. तिघे मित्र हल्क आणि आयर्न मॅनच्या मारामारीची नक्कल करत एकमेकांवर आदळत होते. भाचा मात्र दोण्यातलं वरचं खोबरं चमच्याने एका कडेला सारत होता. खात नव्हता, नुसतं सारत होता. मी विचारलं, "कसा होता रे?" तो म्हणाला, "बरा." मित्र ओरडले, "बरा क्या भिया, भारी था!" आणि पोरगं जे मिटलं ते घरी येईपर्यंत.

अंथरुणावर पडल्यावर म्हणाला, "आत्या, त्याला मारायलाच आणलं होतं का?"

तो क्विकसिल्व्हरसाठी गेला होता. विजेसारखा धावणारा तो पठ्ठ्या याच सिनेमात अ‍ॅव्हेंजर्सना येऊन मिळतो आणि याच सिनेमात टोळीतला तिरंदाज हॉकआय आणि एका लहान मुलाला वाचवताना गोळ्या खाऊन मरतो. ट्रेलर आल्यापासून भाचा जिन्यावरून त्याच्यासारखा धावत होता, आणि हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बोटांवर मोजलं. जुने सहा, नवे तीन, शिवाय वॉर मशीन, फाल्कन, फ्युरी, हिल आणि स्वतः खलनायक अल्ट्रॉन. चौदा झाले. सिनेमा १४१ मिनिटांचा. सारखी वाटणी केली तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं. म्हणजे एकाच रांगेत बसलेल्या सहा जणांनी सहा वेगळे सिनेमे पाहिले होते. मग "कसा होता" याचं एक उत्तर येणार कुठून? मुलं मतावरून भांडतात असं आपल्याला वाटतं. खरं तर ज्याचा लाडका चमकला तो खूश असतो आणि ज्याच्या लाडक्याला कोपऱ्यात ढकललं तो दुखावलेला असतो.

म्हणून तिकिटं काढायच्या आधीच प्रत्येकाला विचारा, "तुझा कोण?" मी तेव्हापासून एक दोनशे पानी वही केली आहे. जाण्याआधी त्यात प्रत्येकाने आपल्या माणसाचं नाव लिहायचं, आणि मोठ्यांनीही लिहायचं. त्याच बैठकीत भाषाही ठरवून टाका. आमच्याकडे मुलांना हिंदी डबिंग हवं असतं आणि वहिनीला इंग्रजी. हा वाद तिकीटखिडकीपाशी नको.

आधीचे सगळे सिनेमे दाखवत बसू नका, मुलं थकतात. या भागासाठी २०१२ चा पहिला 'अ‍ॅव्हेंजर्स' आणि २०१४ चा कॅप्टन अमेरिकाचा सिनेमा पुरतो. तो दुसरा पाहिलेला नसला की सुरुवातीलाच हायड्रा या खलनायकांच्या संघटनेच्या तळावर हल्ला का होतो हे समजत नाही आणि शेजारच्याला विचारणं सुरू होतं.

थिएटरात टाळ्या-शिट्ट्या होऊ द्या. त्यासाठीच तर एवढ्या लोकांत बसून पाहायचं. समजावून सांगणं मात्र मध्यंतरापर्यंत राखून ठेवा. नावांची पट्टी सुरू झाली की उठायचं की बसायचं, तेवढं आधी कोणाकडून तरी विचारून घ्या. 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये पट्टीच्या मध्येच खलनायक थॅनॉस येतो आणि त्यानंतर काही नाही. २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये उलट, सगळी नावं संपल्यावर फ्युरीचा प्रसंग येतो. आमच्या मागची पूर्ण रांग त्याआधीच निघून गेली होती.

आता बाहेर आल्यावरचं, म्हणजे खरं काम. पहिल्यांदा पोटात काहीतरी जाऊ द्या. मग विचारा, "तू कोणासाठी गेला होतास?" आणि लगेच दुसरं, "त्याला काय मिळालं?" एवढंच. उत्तर येईपर्यंत थांबा. ज्याचा माणूस मेला किंवा ज्याला दोनच वाक्यं मिळाली, त्याला सगळ्यात आधी बोलू द्या. हल्कवाले तसेही बोलणारच आहेत. "अरे, सिनेमाच आहे" हे वाक्य त्या रात्री कोणीही उच्चारायचं नाही, हा आमच्याकडे नियमच आहे.

तिसरा प्रश्न मुलांना फार आवडतो: "तुझ्या हातात कात्री दिली तर काय कापशील?" चौघांनीही एकमुखाने थॉरचं ते गुहेतल्या पाण्यात उतरणं कापलं. हॉकआयचं शेतावरचं घर दोघांनी कापलं, दोघांनी ठेवलं. पुढे वाचलं की याच दोन गोष्टींवरून दिग्दर्शक जॉस व्हेडन आणि स्टुडिओत ओढाताण झाली होती. अकरा वर्षांच्या मुलांनी सांधा बरोबर ओळखला होता. तेव्हापासून मुलांची तक्रार मी 'किरकिर' म्हणून उडवून लावत नाही. 'कंटाळा आला' म्हणाला तर 'कुठे?' विचारते, आणि तो जागा दाखवतो.

मोठ्यांच्या प्रतिक्रियेलाही जागा ठेवा. त्याच शेतघरात नताशा, म्हणजे ब्लॅक विडो, ब्रूसला, म्हणजे हल्कला, सांगते की तिला मारेकरी बनवणाऱ्या रेड रूममध्ये तिला कधी मूल होणार नाही अशी शस्त्रक्रिया केली, आणि मग म्हणते की टोळीत राक्षस काही तू एकटाच नाहीस. वहिनीचा घास तिथेच अडकला. "मूल होत नाही म्हणून बाई राक्षस?" मला ते वाक्य वेगळं ऐकू आलं होतं: तिला मारेकरी बनवलं, त्याबद्दल ती बोलते आहे. जगभरच्या चाहत्यांमध्येही यावर हीच दोन टोकं होती. आम्ही दोघी त्यावर अजून एकमताच्या नाही. पण वहिनीने ते ज्या आवाजात विचारलं, त्यानंतर मी माझं म्हणणं पुढे रेटलं नाही. अशा वेळी वाद जिंकायचा नसतो. समोरच्या माणसाचं काय दुखलं ते ऐकून घ्यायचं असतं.

रात्रीच्या मतावर शिक्का मारू नका. सकाळी पोहे-जिलबी खाताना पुन्हा विचारा. रात्री आवाज कानात असतो, सकाळी गोष्ट उरते. त्या शनिवारी सकाळी वहिनीने पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला घालता घालता भाच्याला विचारलं, "शेवटी हॉकआयला बाळ झालं, त्याचं नाव काय ठेवलं, लक्षात आहे?" त्याच्या नव्हतं. माझ्याही नव्हतं. "नॅथॅनिअल पिएत्रो बार्टन," वहिनी म्हणाली. पिएत्रो म्हणजे क्विकसिल्व्हरचं खरं नाव. पोराने ते दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "म्हणजे ज्याला वाचवलं त्याने बाळाला नाव दिलं." आणि ताटली पुढे केली, अजून पोहे हवेत म्हणून. दुखावलेल्याची समजूत काढायची तर ती अशी, सिनेमातलीच एखादी निसटलेली गोष्ट त्याच्या हातात ठेवून. ती शोधायला कोणीतरी नीट पाहिलेलं असावं लागतं.

वहीत अशा निसटत्या गोष्टी टिपून ठेवा. पार्टीत एकेक जण थॉरचा हातोडा उचलायला बघतो. कॅप्टनने हात लावल्यावर तो जरासा हलतो आणि थॉरचं हसू मावळतं. आमच्या वहीत २०१५ मध्ये लिहिलेलं आहे: "हातोडा हलला की नाही? भांडण." २०१९ च्या 'एंडगेम'मध्ये कॅप्टनने तो उचलला, तेव्हा अख्खं थिएटर खुर्च्यांवर उभं राहिलं, आणि आमच्या त्या चौघांनी एकमेकांना ज्या मिठ्या मारल्या त्या चार वर्षांच्या होत्या.

गोष्ट फोडण्याबद्दल थोडक्यात सांगते. पहिला आठवडाभर, न पाहिलेल्या माणसासमोर कोण जगलं, कोण मेलं हे काढायचं नाही. 'एंडगेम'च्या वेळी दिग्दर्शक रूसो बंधूंनी चाहत्यांना पत्र लिहून अशीच गोष्ट न फोडण्याची विनंती केली होती. भाच्याने शाळेच्या रिक्षात ती पाळायला लावली.

कधी कधी मात्र काहीच विचारायचं नसतं. 'इन्फिनिटी वॉर' संपला, एकेक जण धूळ होऊन गेला, दिवे लागले, आणि लहान मुलं आईच्या ओढणीत तोंड खुपसून रडत होती. तेव्हा सराफ्यापर्यंत गप्प चालत जावं. 'एंडगेम'ला मला ते समजलं. वहीत माझ्या नावापुढे नताशा लिहिलेलं होतं. ती कड्यावरून कोसळून गेली तेव्हापासून मी बोलले नव्हते. बाहेर आल्यावर मुलं हातोड्यात दंग होती. भाचा, तेव्हा पंधरा वर्षांचा, गर्दीत शिरला आणि शिकंजीचे दोन ग्लास घेऊन आला. आमच्याकडची शिकंजी लिंबाची नसते, आटवलेल्या दुधाची असते, घट्ट. एक माझ्या हातात दिला आणि शेजारी पायरीवर बसला.

"आधी हे पिऊन घे, आत्या," म्हणाला.