आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तिथीवरून बाळंतपणाची तारीख कशी काढायची

पाळीची तारीख आठवत नसेल तर सण आठवा. खान्देशात ‘आखाजीले माहेरी होते, नंतर तीन दिवसांनी पाळी आली’ हे बायका बिनचूक सांगतात. त्या तिथीची इंग्रजी तारीख कॅलेंडरवर बघा. 2025 ची आखाजी 30 एप्रिलला होती, म्हणजे पाळीचा पहिला दिवस 3 मे. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा: 10 फेब्रुवारी 2026. नेमके 280 दिवस मोजले तर 7 फेब्रुवारी येते. एवढा फरक चालतो.

हिशोब तिथीने मात्र करू नका. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे नऊ महिन्यांचे 266 दिवसच भरतात. पाळी चुकल्या दिवसापासून मोजणं ही त्याहून मोठी चूक, तारीख थेट चार आठवडे पुढे जाते.

हे गणित 28 दिवसांच्या पाळीचं. नियमित 35 दिवसांनी येत असेल तर सात दिवस वाढवा. अनियमित असेल, किंवा बाळ अंगावर पीत असताना पाळी न येताच दिवस गेले असतील, तर सोनोग्राफीच खरी. ती चौदावा आठवडा लागण्याआधी करून घ्या; धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून जायचं असेल तर आशाताईंना आधीच सांगून ठेवा. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर वेगळी तारीख दिसली तरी पहिलीच धरायची, कारण तोवर प्रत्येक बाळाची वाढ वेगळी झालेली असते.