भिंतीवरच्या दिनदर्शिकेतलं आकाश

सांगोल्याजवळच्या आमच्या वस्तीवर जूनच्या आठ तारखेच्या आसपास एकच चौकशी असायची, मिरग निघाला का? मी सातवीत होतो. आजीला म्हटलं, निघाला असेल तर दाखव. तिने अंगणात उभं करून सप्तर्षी दाखवले. तिच्या बोलीत ती म्हातारीची बाज आणि तिच्यामागचे तीन चोर. मिरग मात्र त्या रात्री सापडला नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. डिसेंबरात रात्रीची लाईट होती म्हणून वडिलांबरोबर ज्वारीला दारं धरायला गेलो, तेव्हा तो डोक्यावर उभा होता. चार कोपऱ्यांना चार तारे, मध्ये एका ओळीत तीन, आणि खाली आग्नेयेला लखलखणारा व्याध.

याचं उत्तर मिळायला कॉलेज उजाडलं. जूनमध्ये मृगात असतो तो सूर्य. पावसाची म्हणून जी नक्षत्रं आपण मोजतो, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, ती सूर्याची नक्षत्रं. सूर्य जिथे असेल तो आकाशाचा भाग त्याच्याबरोबर दिवसा उगवतो आणि दिवसाच मावळतो, मग दिसणार कसा? सहा महिन्यांनी तोच भाग सूर्याच्या बरोबर समोर येतो आणि मध्यरात्री माथ्यावर असतो. त्या महिन्यातला पौर्णिमेचा चंद्रही मग मृगशीर्षाच्या आसपास असतो, म्हणून तो महिना मार्गशीर्ष. कार्तिकात कृत्तिका, माघात मघा, चैत्रात चित्रा. बारा महिन्यांची नावं लहानपणापासून पाठ होती, पण ती आकाशातले पत्ते आहेत हे तेव्हा कळलं.

गेली बारा वर्षं मी आकाश पाहतोय आणि शाळेतल्या मुलांना दाखवतोय. नवीन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, दुर्बीण कुठली घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. वर्षभर काही घेऊ नका. घरातली दिनदर्शिका काढा आणि तिच्यातला तारखेखालचा बारीक मजकूर वाचायला शिका.

तिथे रोजचं नक्षत्र आणि ते संपण्याची वेळ दिलेली असते. हे चंद्राचं नक्षत्र. समजा, रोहिणी संध्याकाळी 7.40 पर्यंत असं छापलंय आणि तुम्ही नऊ वाजता गच्चीवर गेलात, तर चंद्र मृगशीर्षात गेलेला आहे. एक नक्षत्र म्हणजे चंद्राच्या वाटेचा सत्ताविसावा भाग, 13 अंश 20 कला (60 कलांचा एक अंश). हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश झाकले जातात, वर दोन बोटं जोडली की झालं एक नक्षत्र. चंद्र रोज जवळपास तेवढाच पूर्वेकडे सरकतो. आज जिथे दिसला तिथून एक मूठ आणि दोन बोटं पूर्वेला, उद्या त्याच वेळी बघा. महिनाभर हे केलंत की चंद्राचा रस्ता डोळ्यांत बसतो, आणि त्याच रस्त्यावर सगळे ग्रहही सापडतात.

सगळ्या नक्षत्रांचे तारे चंद्राच्या वाटेवर नाहीत, हे मात्र आधीच सांगतो. स्वाती आणि श्रवण वाटेपासून खूप उत्तरेला आहेत. चंद्र स्वातीत असं वाचून स्वातीच्या ताऱ्याशेजारी चंद्र शोधू नका, मी एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवली आहे. भरवशाचे शेजारी पाच. कृत्तिका, रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा.

यातली रोहिणी मला सर्वांत जवळची. माघातल्या शुक्ल अष्टमी-नवमीला चंद्र तिच्या आसपास येतो. संध्याकाळी आठला वहीत चंद्र आणि तो तांबूस तारा यांच्यातलं अंतर काढून ठेवा, अकराला पुन्हा काढा. तासाला चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, म्हणजे तीन तासांत तीन चंद्र मावतील एवढा. साध्या द्विनेत्रीतून, म्हणजे बायनॉक्युलरमधून, अशीच नजर ठेवली असताना एकदा चंद्राच्या अंधाऱ्या कडेशी आलेला एक बारीक तारा पटकन नाहीसा झाला. मंद होत होत नाही, एका क्षणात. याला पिधान म्हणतात. चंद्र खरोखर फिरतोय हे त्या क्षणी मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. सत्तावीस बायकांत चंद्राचा रोहिणीवर जास्त जीव, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. चंद्राची वाट जवळपास 18.6 वर्षांच्या चक्राने वर-खाली होते, त्यामुळे काही वर्षं तो दर फेरीला रोहिणीला झाकतो आणि मग बरीच वर्षं लांबून जातो. 2015 ते 2018 अशी पाळी होती, पुढची 2033 मध्ये सुरू होईल. गोष्ट रचणाऱ्यांनी हे पाहिलेलं असावं असं मला मनापासून वाटतं.

संकष्टीचा चंद्रोदय दिनदर्शिकेत गावागणिक छापतात. आकाश पाहणाऱ्याला तो उपासाइतकाच उपयोगी. चंद्र त्या दिवशी नऊच्या आसपास उगवतो, पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा. म्हणजे संकष्टीनंतर अमावास्या उलटेपर्यंत रात्रीचा पहिला प्रहर अंधारा. तारे, तेजोमेघ, आकाशगंगा, सगळे बेत याच दिवसांत आखा.

पुढे इंटरनेटवरच्या परदेशी खगोल-दिनदर्शिका हाताशी येतील. त्यांत वेळा बहुधा जागतिक वेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवा. मी एका वर्षी मिथुन उल्कावर्षावासाठी 13 डिसेंबरला रात्री नऊला शेतात गेलो, अकराला परतलो. दिनदर्शिकेत 21 तास लिहिलं होतं, ते आपल्याकडे 14 तारखेच्या पहाटे अडीचला. ती थंडी अजून आठवते. ऑगस्टमधल्या ययाती उल्कावर्षावाचं तिथे फार कौतुक असतं, पण 12-13 ऑगस्टला आपल्याकडे ढग. महाराष्ट्रातून बघायचा तो डिसेंबरचाच. आणि त्या याद्या बहुतेक उत्तरेकडच्या देशांसाठी केलेल्या, त्यामुळे आपली खरी श्रीमंती त्यांत येतच नाही. फेब्रुवारीत रात्री नऊला दक्षिणेकडे दोन मुठी उंचीवर अगस्त्याचा तेजस्वी तारा असतो. मे महिन्यात त्याच वेळी क्षितिजाच्या मुठीभर वर त्रिशंकू, चार ताऱ्यांचा क्रूस. दक्षिणेला डोंगर किंवा गावाचे दिवे नसलेली जागा मात्र हवी.

सामानात लाल जिलेटिन लावलेली बॅटरी, सतरंजी आणि वही. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका नजरेत ते सगळं वाया जातं, तेव्हा फोन खिशात. वर्षानंतर 7×50 किंवा 10×50 ची द्विनेत्री घ्या, म्हणजे सात किंवा दहा पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची.

एकट्याने अडायला होतंच. पुण्यात हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, 1944 पासूनची. मुंबईकरांसाठी खगोल मंडळ, त्यांचे रात्रभराचे कार्यक्रम वांगणीला होतात. विदर्भातल्यांच्या जवळ तर पेंचचं व्याघ्र अभयारण्य आहे, 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे अंधारं आकाश जपणारं उद्यान, म्हणून घोषित झालेलं. जिथे जाल तिथे जाणत्यांच्या शेजारी आडवे व्हा आणि प्रत्येक ताऱ्याचं नाव विचारा. कुणी कंटाळत नाही.

वहीत चार गोष्टी लिहा. तारीख आणि तिथी, वेळ, जागा, काय दिसलं. सुरुवात शुक्ल तृतीयेला करा, सूर्य मावळल्यावर तासाभराने पश्चिमेला तोंड करून. कोर दिसली की तिचा न उजळलेला भागही राखाडी दिसतोय का बघा. तो पृथ्वीवरून परतलेला उजेड. ती तुमची पहिली नोंद.