रिवाइंड न होणारा कॅमेरा: मोटर नाही, गिअर अडकला होता

मामांचा जुना ३५ एमएमचा ऑटोमॅटिक कॅमेरा, रोल पुढे व्यवस्थित सरकवायचा पण ३६ फोटो संपले की रिवाइंडला, म्हणजे फिल्म परत डबीत गुंडाळायला, नुसती घरघर, फिल्म जागची हलायची नाही. दुकानदार म्हणे मोटर गेली. अहो मोटर गेली तर घरघर कसली?

अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत एकच मोटर दोन्ही कामं करते. मधल्या गिअरभोवती एक छोटी दांडी फिरते, तिच्या टोकाला दुसरा छोटा गिअर. मोटर सुलटी फिरली की दांडी झुलून तो गिअर फिल्म गुंडाळणाऱ्या स्पूलला जाऊन भिडतो, उलटी फिरली की रोलच्या डबीकडच्या गिअरला. बस, वेगळा स्विच वगैरे काही नाही.

उघडलं (आधी सेल काढा, आणि फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरला हात लावू नका, सेल काढूनही त्यात ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो) तर दांडीच्या पिनवर जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, दांडी स्पूलच्या बाजूलाच चिकटून बसलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोल काडीच्या टोकाने लावून पुसलं, बोटाने ढकलल्यावर दांडी दोन्हीकडे सैल जायला लागली.

इथे तेल मात्र सोडू नका बरं का! छोट्या गिअरखाली स्प्रिंगचा वॉशर असतो, त्याच्या घर्षणानेच दांडी ओढली जाते, ते घर्षण गेलं की गिअर जागच्या जागी फिरत बसणार. मी फक्त पिनवर ग्रीसचा ठिपका दिला. फुकट गेलेला रोल घालून पाहिला, पूर्ण डबीत परत गेला.