मुलांसोबत टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर: आधी तोंडी, मग संगणकावर

टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचरमध्ये चित्रे नसतात. पडद्यावर जागेचे चार ओळींत वर्णन येते, खेळणारा ‘दिवा घे’ अशी आज्ञा टाइप करतो आणि पुढे काय घडले ते संगणक सांगतो. या प्रकाराची सुरुवात ज्या ‘अ‍ॅडव्हेंचर’पासून झाली, तो खेळ विल क्राउदर या गुहांमध्ये भटकणाऱ्या प्रोग्रामरने १९७५-७६च्या सुमारास लिहिला, आणि त्यामागे आपल्या मुलींना खेळता यावे हाही हेतू होता.

तरीही मुलाला थेट त्या खेळासमोर बसवू नये. तो इंग्रजीत आहे, त्यात चकवे पुष्कळ आहेत आणि आज्ञा न कळल्याचे उत्तर तिसऱ्यांदा आले की मूल उठून जाते. म्हणून पहिल्या दिवशी संगणक आपणच व्हावे. “तू एका खोलीत आहेस. कोपऱ्यात पेटी आहे, पूर्वेचे दार बंद आहे. काय करतोस?” असे विचारावे. “पेटीवर चढतो,” असे उत्तर आले तर ते धुडकावू नये. “पेटी करकरते, पण वरून झरोका दिसतो,” असे काहीतरी द्यावे. सोबत चौकटींच्या कागदावर नकाशा काढायला सांगावे आणि पहिली खोली कागदाच्या मधोमध काढायला लावावी, नाहीतर तिसऱ्या वळणावर कागद संपतो.

त्यानंतर ‘अ‍ॅडव्हेंचर’ शेजारी बसून खेळावा. दिशेसाठी इंग्रजी आद्याक्षर पुरते. अडलेल्या जागी उत्तर सांगण्यापेक्षा वर्णन पुन्हा मोठ्याने वाचून दाखवावे, कारण खूण बहुधा तिथेच असते.

खेळ तयार करण्यासाठी मी ट्वाइन सुचवीन. ख्रिस क्लिमस यांनी २००९मध्ये आणलेले हे साधन मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालते आणि त्यात मराठीत लिहिता येते. एखादा शब्द दुहेरी चौकटी कंसात टाकला, जसे [[अंगण]], की त्या नावाचा नवा परिच्छेद आपोआप तयार होतो आणि खेळताना त्या शब्दावर क्लिक करून तिथे जाता येते. इथे आज्ञा टाइप होत नाहीत, ही उणीव खरी. त्यासाठी इन्फॉर्म ७ आहे, पण त्यातला कोड इंग्रजी वाक्यांसारखा असल्याने ते मोठ्या मुलांसाठी ठेवावे.

पहिल्या खेळात तीन खोल्या, एक कुलूप आणि एक किल्ली, एवढेच असावे. मुले हमखास किल्ली त्याच कुलूपबंद खोलीत ठेवतात. ही चूक आपण दाखवू नये. दुसऱ्या मुलाला खेळायला बसवावे आणि लेखकाने शेजारी गप्प बसून तो कुठे अडतो ते टिपून घ्यावे. गप्प बसणेच सर्वांत जड जाते. त्या टिपणावरून दुरुस्त्या झाल्या की खेळ फाइल म्हणून उतरवून ठेवावा, कारण ब्राउझरचा साठा पुसला गेला तर त्यात ठेवलेला खेळही जातो.