लेकीला भेटायला केंब्रिजला निघालात? तिकिटाच्या या चुका टाळा

पहिली चूक घरी बसूनच होते. विमान सकाळी सातला हीथ्रोला उतरणार, म्हणून नऊच्या गाडीचं ॲडव्हान्स तिकीट काढून ठेवायचं, कारण ते स्वस्त दिसतं. पण ते त्या एकाच गाडीला चालतं. इमिग्रेशनच्या रांगेत वेळ गेला की गाडीही गेली आणि पैसेही. आल्या दिवशी ऑफ-पीक तिकीट बरं; गर्दीची वेळ सोडून दिवसभरात जी मिळेल ती गाडी धरा. ॲडव्हान्स परतीच्या प्रवासाला ठेवा.

हीथ्रो एक्सप्रेस झटकन नेते खरी, पण लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकाला! केंब्रिजची जलद गाडी सुटते किंग्ज क्रॉसहून. पिकॅडिली लाइनची ट्यूब (लंडनची भुयारी रेल्वे) थेट तिथेच जाते. तासभर लागतो, पण भाडं कितीतरी कमी. मात्र ट्यूबला ऑयस्टर (लंडनचं प्रवासाचं कार्ड) चाललं म्हणून पुढेही तेच टेकवू नका, ते केंब्रिजपर्यंत चालत नाही. तपासनीसाने धरलं तर १०० पौंड दंड आणि वर भाडं. २१ दिवसांत भरलंत तर दंड ५० वर येतो.

लंडनच्याच लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाहूनही गाड्या आहेत, जरा रमतगमत जाणाऱ्या. तिकिटावर ‘फक्त ग्रेटर अँग्लिया’ (या गाड्या चालवणारी कंपनी) असं असेल तर ते किंग्ज क्रॉसच्या गाडीला चालत नाही. स्वस्त तिकिटाच्या खालची ही बारीक ओळ वाचाच.

आता रेलकार्ड. नवरा-बायकोसाठी ‘टू टुगेदर’ आहे: ३५ पौंडांत वर्षभर भाड्यात एक तृतीयांश सूट. दोघांनी सोबतच प्रवास करायचा, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. हिशेब सोपा आहे. दोघांची मिळून १०५ पौंडांची तिकिटं होणार असतील तर कार्डाचे पैसे सुटतात; एकाच फेरीसाठी बहुधा नाही.

लेकीकडे १६ ते २५ वयाच्यांचं रेलकार्ड असेलच. (पूर्णवेळ शिकणाऱ्यांना पंचविशीनंतरही ते मिळतं, हे पीएचडीवाल्यांना कुणी सांगत नाही.) पण सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आत किमान भाडं १२ पौंड. १५ चं तिकीट १० ला पडायला हवं, पडतं १२ ला. जुलै-ऑगस्टमध्ये ही अट नसते. आणि कार्ड घरी विसरलं तर सूट धरली जात नाही. फोनमधलं असेल तर बॅटरी संपू देऊ नका.

रविवारी निघणार असाल तर आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा बघा. रुळांची कामं बहुतेक शनिवार-रविवारीच काढतात, आणि मग गाडीऐवजी बसमध्ये बसवतात.