जुन्या रडारची लष्करी मॅन्युअल्स जमवताना या चुका टाळा

माझ्या ओळखीतल्या एका तरुण इंजिनिअरने गेल्या वर्षी परदेशातून एससीआर-584 रडारचं दुरुस्तीचं मॅन्युअल मागवलं. खोकं उघडताना मी समोर असावं म्हणून मला मुद्दाम घरी बोलावलं. कव्हर स्वच्छ, कोपरे टोकदार, पानं पिवळसर पण शाबूत. मी शेवटची पानं उलटली आणि थांबलो. शिवणीजवळ अर्ध्या बोटाएवढ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या होत्या. मोजल्या तर सात. घडीची सात पानं, म्हणजे मोठे सर्किट डायग्राम, कुणीतरी ब्लेडने कापून नेली होती.

त्या मुलाचा चेहरा उतरला आणि मलाही वाईट वाटलं. एससीआर-584 हे काही साधं यंत्र नव्हतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत त्याची रचना झाली. 10 सेंटिमीटरच्या लहरींवर चालणारं आणि एकदा लक्ष्य धरलं की माणसाच्या हाताशिवाय त्याचा माग काढत राहणारं हे रडार 1944 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर व्ही-1 उडत्या बॉम्बांविरुद्ध तोफांना दिशा देत होतं. हा माग कसा काढला जातो ते मजकुरात वाचता येतं, पण खरं समजतं ते त्या घडीच्या पानांवर. ती नसतील तर हातात उरतं ते फक्त वर्णन.

फोटोत कव्हर पाहून पैसे पाठवणं

म्हणून पहिली चूक हीच. विकणारा कव्हरचे सुंदर फोटो देतो आणि आपण भुलतो. त्याच्याकडे दोन फोटो आवर्जून मागा : सुरुवातीची आकृत्यांची यादी आणि पुस्तक मागून उघडल्यावर दिसणारी शिवण. यादीत शेवटची आकृती कितवी आहे ते पाहा, आणि ती आकृती पुस्तकात आहे का ते सरळ विचारा. मागच्या कव्हरला पाकीट असेल तर ते रिकामं आहे का, हेही विचारा. प्रामाणिक विक्रेता दहा मिनिटांत सांगतो. टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडून द्या.

फक्त 'रडार' शब्दाने शोधणं

हा शब्द अमेरिकी नौदलाने 1940 मध्ये घेतला, ब्रिटिशांनी तो 1943 मध्ये स्वीकारला. त्याआधीचे ब्रिटिश कागद 'आरडीएफ' म्हणतात. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरने तर युद्धकाळात यातल्या बऱ्याच यंत्रांना नुसतं 'रेडिओ सेट एससीआर' म्हटलं, त्यामुळे पर्ल हार्बरवर विमानांची चाहूल लागलेल्या एससीआर-270 ची कागदपत्रं रेडिओच्या ढिगात पडलेली असतात. विकणाऱ्यालाही ते माहीत नसतं.

एकाच यंत्राला दोन देशांत दोन नावं असतात, हेही लक्षात ठेवा. तोच एससीआर-584 ब्रिटिश लष्करात 'रडार, एए, नंबर 3, मार्क 5' झाला. ब्रिटिश नाव माहीत नसेल तर अर्धं साहित्य तुम्हाला कधी दिसणारच नाही.

दुसरा गोंधळ 'एएन' (आर्मी-नेव्ही) या अक्षरांचा. 'एएन/एपीएस-15' हे यंत्राचं नाव आहे : एपीएसमधला ए विमानातला, पी रडार, एस शोध घेणारा. पण 'एएन 16-30' ने सुरू होणारा क्रमांक हा पुस्तकाचा आहे. दोन्ही एकाच कव्हरवर असतात आणि नवा माणूस वहीत चुकीचा लिहून ठेवतो.

कुठल्या पातळीचं मॅन्युअल आहे ते न पाहणं

युद्धकाळातल्या अमेरिकी टीएम 11 (टीएम म्हणजे टेक्निकल मॅन्युअल) मालिकेत एकाच यंत्राची वेगवेगळी पुस्तकं होती. एससीआर-584 साठी टीएम 11-1324 चालवणाऱ्याचं, टीएम 11-1524 दुरुस्तीवाल्याचं. नंतरच्या काळात क्रमांक लांबला. त्यात 5840 आलं की जमिनीवरचं किंवा जहाजावरचं रडार, 5841 आलं की विमानातलं. शेवटी -10 असेल तर चालकासाठी, -20 युनिटमधल्या देखभालीसाठी, त्यापुढचे आकडे वर्कशॉपसाठी. 'पी' जोडलेलं असेल तर ती सुट्या भागांची यादी. चालकाचं पुस्तक घेऊन त्यात सर्किट शोधणारे मी पाहिलेत.

तत्त्वं शिकायची असतील तर यंत्राच्या मॅन्युअलपासून सुरुवातच करू नका. जून 1944 चं टीएम 11-466 हे रडारच्या इलेक्ट्रॉनिक्सची ओळख करून देणारं पुस्तक आहे, टीएम 11-467 त्याच्या पुढचं. ब्रिटिश बाजूला एअर पब्लिकेशन 1093डी. ही तीन आधी वाचली की बाकीची मॅन्युअल्स बोलायला लागतात.

जुनी पानं 'नीटनेटकी' करणं

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि तिची हळहळ अजून जात नाही.

रॉयल एअर फोर्सचं 1950 च्या दशकातलं, विमानातल्या रडारचं एक सुट्या पानांचं मॅन्युअल मला मिळालं होतं. पुढे दुरुस्त्यांची नोंद ठेवायचा तक्ता. प्रत्येक ओळीत दुरुस्तीचा क्रमांक, तारीख, घालणाऱ्याची आद्याक्षरं. पहिल्या काही ओळी निळ्या शाईत, मग काळ्या, मग पेन्सिलीने. मध्येच नोंदी थांबलेल्या. आणि मागे एका खाकी लिफाफ्यात पुढच्या दुरुस्त्यांची न घातलेली पानं. सोबतच्या सूचनेत स्पष्ट लिहिलेलं : जुनी पानं काढून नष्ट करावीत. मी एक रविवार बसून सगळी पानं क्रमाने घातली, जुनी काढली आणि रद्दीत दिली.

नंतर कळलं की मी काय घालवलं. जुन्या पानावर रिसीव्हरच्या एका भागाची पहिली मांडणी होती, नव्यावर सुधारलेली. ती का बदलली, आधी काय बिघडत होतं, हे दोन्ही पानं शेजारी ठेवली असती तरच कळलं असतं. सूचना होती ती त्या काळच्या फिटरसाठी, ज्याच्या हातून चुकीचा भाग लागला असता. आपण फिटर नाही. लिफाफा लिफाफ्यातच राहू द्या. मॅन्युअल ज्या क्षणी थांबलं तो क्षणही त्या वस्तूचा भाग आहे.

अमेरिकी पुस्तकांत याच दुरुस्त्यांना 'चेंज' म्हणतात, सी1, सी2 असे. काही पुस्तकांत सुरुवातीला चालू पानांची यादी असते, कुठलं पान मूळ आणि कुठलं कितव्या चेंजमधलं ते तिथे कळतं. बदललेल्या मजकुराशेजारी समासात उभी काळी रेघ असते. ती रेघ जपा. तिचा संबंध पुढच्या चुकीशी आहे.

बाइंडरकडे देणं

पुस्तक खिळखिळं झालं की आपला हात आपोआप गल्लीतल्या बाइंडरकडे वळतो. रेक्झिनचं कव्हर, सोनेरी अक्षरं, आणि तिन्ही बाजूंनी मशीनवर कटिंग. त्या कटिंगमध्ये समासातली रेघ जाते, पानाखालचा चेंज क्रमांक जातो, घडीच्या पानाची कड जाते. त्याहून वाईट म्हणजे घडीची पानं शिवणीत आत ओढली जातात आणि पुन्हा कधी पूर्ण उलगडत नाहीत. बाइंडरचा दोष नाही, तो वह्या आणि दप्तरं बांधतो. द्यायचंच असेल तर आधी सांगा : कटिंग नको, जुनं कव्हर टाकायचं नाही, घडीची पानं बाहेर ठेवायची.

घडीवर फाटलेलं पान चिकटपट्टीने जोडू नका. काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा पिवळा डिंक कागदात मुरलेला राहतो. पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, एवढं पुरतं, आणि ते पुन्हा पाण्याने सोडवता येतं. लॅमिनेशन तर कदापि नाही.

गंजलेल्या पिना ओढून काढू नका. मागच्या बाजूने पिनेचे पाय प्लास्टिकच्या पातळ पट्टीने हळूच उभे करा, मग पीन पुढून निघते. तिच्या जागी सुती दोरा.

आपल्याकडचा पावसाळा हा वेगळाच विषय आहे. युद्धकाळातला कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लधर्मी. दमट हवेत तो लवकर ठिसूळ होतो, बुरशी धरतो, आणि कसर तर वाटच पाहत असते. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून माळ्यावर टाकणं हा उपाय नाही, आतला दमटपणा आतच राहतो. जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून पाहा. पीव्हीसीचे फोल्डर टाळा, त्यांना शाई चिकटते. कीड दिसली तर पुस्तक हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा, मग पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

फोटोंची पानं अनेकदा चकचकीत कागदावर असतात. ती भिजली तर वाळू देऊ नका, कारण वाळली की पानं एकमेकांना कायमची चिकटतात. ओली असतानाच एकेक सोडवून मध्ये बटर पेपर घाला. वेळ नसेल तर ओलं पुस्तक तसंच फ्रीजरमध्ये टाका आणि सवडीने काम करा.

तारखेवर आंधळा विश्वास

कव्हरवर 1944 आहे म्हणून प्रत 1944 चीच, असं नाही. 'वॉर डिपार्टमेंट' लिहिलं असेल तर ते सप्टेंबर 1947 च्या आधीचं, 'डिपार्टमेंट ऑफ द आर्मी' असेल तर नंतरचं. ब्रिटिश पुस्तकावर 'एअर मिनिस्ट्री' किंवा 'वॉर ऑफिस' असेल तर 1964 च्या आधीचं. आजची छापील नक्कल ओळखायला फूटपट्टी पुरते. अमेरिकी सरकारी कागदाचा जुना आकार 8 × 10½ इंच होता, आणि ए4 वर बसवलेली घडीची पानं इतकी लहान होतात की आकडे वाचताच येत नाहीत. नक्कल वाईट नाही, मूळ म्हणून विकलेली नक्कल वाईट.

कायद्याकडे दुर्लक्ष

'रिस्ट्रिक्टेड' शिक्का पाहून घाबरू नका, आणि 'जुनं आहे म्हणजे चालतं' असंही धरू नका. अमेरिकेने गोपनीयतेची ही श्रेणी 1953 मध्येच बंद केली. त्यावरच्या श्रेणीचा शिक्का असेल तर तो रद्द केल्याची नोंद, तारीख आणि सही शोधा. नंतरच्या काळातल्या पुस्तकांवर वितरणाची अट छापलेली असते, ती वाचा. सर्वांसाठी खुलं असं नसेल तर घेऊ नका.

भारतीय सैन्यदलांचं कुठलंही तांत्रिक मॅन्युअल भंगारात किंवा रद्दीत दिसलं, तर ते विकत घेऊ नका, फोटो काढू नका, कुणाला पाठवू नका. शासकीय गुपिते अधिनियम, 1923 मध्ये अशी कागदपत्रं नुसती बाळगण्याबद्दलही तरतुदी आहेत. इथे मी मुद्दाम कठोर बोलतो, कारण हौसेपायी कुणी अडचणीत येऊ नये.

आकडे जसेच्या तसे वाचणं, आणि घाईने स्कॅन करणं

जुन्या अमेरिकी डायग्राममध्ये रेझिस्टरपुढचा 'एम' कधी हजार दाखवतो, दशलक्षासाठी 'मेग' असतं. कपॅसिटरवर दोनदा लिहिलेला 'मायक्रो' म्हणजे आजचा पिकोफॅरड. ब्रिटिश कागदावरचा व्हीआर91 हा बाजारातला ईएफ50 व्हॉल्व्ह, अमेरिकी व्हीटी-231 म्हणजे 6एसएन7जीटी. दर पुस्तकाच्या सुरुवातीला चिन्हांचा खुलासा असतो, तो आधी वाचा. आणि मॅन्युअल हाती आलं म्हणून जुना सेट चालू करायला जाऊ नका. त्यातले व्होल्टेज जीवघेणे असतात, कपॅसिटर बंद यंत्रातही भार धरून ठेवतात, आणि काही टीआर नळ्यांमध्ये (पाठवणाऱ्या जोरदार लहरींपासून रिसीव्हरला वाचवणाऱ्या) किरणोत्सारी द्रव्य असतं.

स्कॅन करताना निव्वळ काळं-पांढरं नको, करड्या छटांमध्ये 400 ते 600 डीपीआयवर करा. मोठं पान तुकड्यांत, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर तीन बोटं चढवून. फाइल लहान करणाऱ्या सेटिंगपासून सावध राहा. 2013 मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डाव्हिड क्रीझल यांनी दाखवून दिलं की काही ऑफिस स्कॅनर आकार वाचवण्यासाठी सारख्या दिसणाऱ्या अंकांच्या जागी एकच चित्र वापरत होते, त्यामुळे 6 चा 8 होत होता. पान स्वच्छ दिसतं, आकडा मात्र खोटा.

फाटकी प्रत नाकारणं

त्या तरुणाने नंतर काही महिन्यांनी त्याच मॅन्युअलची दुसरी प्रत मिळवली. कव्हर नाही, पहिली वीस पानं नाहीत, तेलाचे डाग, कुणी घेत नव्हतं म्हणून पडून होती. मागे सातही घडीची पानं होती. ती कापून पहिल्या प्रतीला जोडायचा त्याचा बेत होता, तो मी मोडून काढला. आम्ही दोन दिवस बसून सातही पानं स्कॅन केली. एकेक पान जेवणाच्या टेबलावर पूर्ण पसरलं तरी कडेने लोंबत होतं. आता दोन्ही प्रती शेजारी एकाच खोक्यात आहेत, आणि पहिलीच्या मागच्या कव्हरच्या आत त्याने मऊ पेन्सिलीने लिहून ठेवलंय : घडीची पानं दुसऱ्या प्रतीत पाहावीत.